नळीवरचं नाव

जुनी पितळी दुर्बीण घेऊन दुकानात आलेला माणूस आधी बोट ठेवतो ते नावावर. सर्वांत बारीक नळीवर वळणदार इंग्रजी अक्षरांत कोरलेलं असतं, ‘डॉलंड, लंडन’. मग प्रश्न येतो, ‘‘बघा ना ताई, अस्सल आहे ना?’’ मी नावाच्या भानगडीत पडत नाही. पुढचं मोठं भिंग ज्या कड्यात बसवलेलं असतं ते कडं फिरवून काढते, ट्यूबलाइटखाली तिरकं धरते आणि काचेत दिव्याची किती प्रतिबिंबं दिसतात ते बघते. दोनच दिसली तर भिंग एकेरी. मग पितळ कितीही काळवंडलेलं असो, वस्तू बहुधा शोभेची. तीन दिसली आणि त्यातलं एक अगदी पुसट असलं, तर दोन भिंगं पारदर्शक राळेने चिकटवलेली. चार दिसली तर दोन भिंगं नुसतीच एकावर एक ठेवून कड्यात दाबलेली. अशी वस्तू आली की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

पुण्यातलं आमचं दुकान बाबांनी सुरू केलं. थिओडोलाइट, डंपी लेव्हल, कॉलेजांचे मायक्रोस्कोप यांची दुरुस्ती हा खरा धंदा. पितळी दुर्बिणी मधूनमधून येतात. कुणी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून उचललेली असते, कुणाला वाड्याचा माळा आवरताना सापडते, तर कुणाच्या लष्करातल्या आजोबांच्या ट्रंकेत निघते. मला कामाला बसवताना बाबांनी पहिल्यांदा एक दुर्बीणच पूर्ण खोलायला लावली होती. म्हणाले, ‘‘नळीवर नाव दुकानदाराचं असतं. काम कुणाचं, ते आत बघ.’’ त्यानंतर मी या दुर्बिणींचा इतिहास जिथे मिळेल तिथे वाचत गेले, आणि बाबांचं वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत खरं ठरत गेलं.

दुर्बिणीचा जन्म हॉलंडमधला. मिडेलबर्ग गावच्या हान्स लिपरशाय या चष्मेवाल्याने ऑक्टोबर १६०८ मध्ये तिच्यासाठी पेटंट मागितलं. ते मिळालं नाही, कारण तोवर आणखी काही जण तोच दावा घेऊन उभे राहिले होते. म्हणजे जन्मापासूनच या वस्तूच्या मागे ‘मूळ कुणाची’ हा तंटा लागलेला आहे. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतः भिंगं घासून आपली दुर्बीण केली आणि आकाशाकडे वळवली. तेव्हाच्या नळ्या पुठ्ठ्याच्या, लाकडाच्या, वरून कातडं किंवा चर्मपत्र चढवलेल्या असत.

पण घोडं अडलं ते काचेपाशी. एकेरी भिंगातून प्रकाश गेला की त्यातला निळा रंग अलीकडे एकवटतो आणि तांबडा पलीकडे. त्यामुळे दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूला रंगीत किनार येते. यावर एकच तोड ठाऊक होती, भिंग अगदी कमी फुगीर करायचं आणि नळी लांबवायची. सतराव्या शतकात डान्झिगच्या हेवेलियसने या हट्टापायी दीडशे फूट लांबीची दुर्बीण खांबावर टांगली. ती हातात धरून जहाजावर उभं राहणं शक्यच नव्हतं. त्यात १७०४ च्या आपल्या ग्रंथात न्यूटनने असा निष्कर्ष मांडला की प्रकाश वाकला की रंग फाकणारच, त्यातून भिंगांच्या दुर्बिणीची सुटका नाही. एवढ्या मोठ्या माणसाने दार लावून घेतल्यावर ते ढकलून बघायची छाती बराच काळ कुणाला झाली नाही.

ते दार ढकललं एका वकिलाने. चेस्टर मूर हॉल हा लंडनच्या इनर टेंपलमधला बॅरिस्टर. प्रकाशशास्त्र हा त्याचा फावल्या वेळचा छंद. खिडक्यांना वापरत ती क्राउन काच रंग कमी फाकवते आणि शिसं घातलेली जड, चकाकती फ्लिंट काच जास्त फाकवते, हे त्याने हेरलं. क्राउनचं फुगीर भिंग घेतलं आणि त्याला फ्लिंटचं खोलगट भिंग जोडलं, तर एकाने फाकवलेले रंग दुसरं परत गोळा करील आणि तरीही प्रकाश थोडा वाकलेला राहील, असा त्याचा हिशोब होता. १७३३ च्या सुमारास त्याने असं जोडभिंग करवून घेतलं. अडीच इंच रुंदीचं आणि फक्त वीस इंच लांबीच्या नळीत मावणारं.

ते करवून कसं घेतलं, हा भाग मला सगळ्यात आवडतो. कल्पना फुटू नये म्हणून हॉलने एक भिंग लंडनच्या एडवर्ड स्कार्लेटकडे घासायला दिलं आणि दुसरं जेम्स मानकडे. दोघेही नावाजलेले दुकानदार, दोघांच्याही हाताशी कामं भरपूर. दोघांनीही ते बाहेर दिलं, आणि योगायोग असा की ज्याच्याकडे दिलं तो भिंगं घासणारा कारागीर एकच निघाला, जॉर्ज बास. दोन वेगळ्या दुकानांकडून आलेली दोन भिंगं, गिऱ्हाईक एकच, आणि एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलगटपणात नेमका बसतो. ज्याने दोन्ही स्वतःच्या बोटांखाली घासली त्याला हे कळायला किती वेळ लागणार? बॅरिस्टरने लपवलेलं गुपित मजुरीवर काम करणाऱ्या माणसाच्या टेबलावर आपसूक उघडं पडलं. हॉलने पुढे ना पेटंट घेतलं, ना काही छापलं. बासने मात्र हे ज्ञान पोटात ठेवलं नाही. धंद्यातल्या चार माणसांच्या कानावर ते गेलं.

आता डॉलंड. जॉन डॉलंड हा रेशीम विणणारा. धर्मासाठी फ्रान्स सोडून लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात वसलेल्या ह्युगेनो विणकरांपैकी. दिवसा माग चालवायचा आणि उरलेल्या वेळात गणित आणि प्रकाशशास्त्र शिकायचा. मुलगा पीटर मात्र मागावर बसला नाही. त्याने १७५० मध्ये चष्मे-दुर्बिणींचं दुकान थाटलं, आणि दोन वर्षांनी बापानेही माग सोडून मुलाच्या दुकानात पाऊल टाकलं. जॉन डॉलंड आधी न्यूटनच्याच बाजूचा. गणिती ऑयलरने न्यूटनच्या निष्कर्षावर शंका घेतली तेव्हा याने न्यूटनची बाजू लढवली होती. मग स्वीडनच्या क्लिंगेनस्टिएर्नाने न्यूटनच्या मांडणीतली चूक दाखवली, आणि १७५७ मध्ये डॉलंडने न्यूटनचाच पाण्यात लोलक धरण्याचा प्रयोग स्वतः करून पाहिला. उत्तर वेगळं आलं. मग क्राउन आणि फ्लिंटची पाचरं एकमेकांना लावून, घासून, पुन्हा लावून त्याने त्यांचं प्रमाण बसवलं. १७५८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला, कॉपली पदक मिळवलं आणि त्याच वर्षी पेटंटही घेतलं. पेटंटाचा खर्च उचलणारा भागीदार होता फ्रान्सिस वॉटकिन्स.

जॉन १७६१ मध्ये वारला. तो असेतो धंद्यातल्या लोकांनी पेटंट फारसं मनावर घेतलं नव्हतं. पीटरने मात्र पेटंटाचा बडगा बाहेर काढला. वॉटकिन्सशी भागीदारी मोडली, पुढे त्याच्यावरच फिर्याद केली. १७६४ मध्ये लंडनच्या ३५ चष्मे-दुर्बीणवाल्यांनी सरकारदरबारी अर्ज केला की हा शोध हॉलचा, डॉलंडच्या आधी कितीतरी वर्षं ठाऊक असलेला. तेव्हा पेटंट रद्द करा. दाद लागली नाही. १७६६ मध्ये जेम्स चॅम्पनीजविरुद्धच्या खटल्यात कोर्टाने निकाल दिला त्याचा मतितार्थ असा, की शोध लावून कपाटात कुलूपबंद ठेवणाऱ्याला पेटंटाचा लाभ मिळत नसतो, तो लोकांच्या उपयोगी आणणाऱ्याला मिळतो.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेलही. पेटंटाच्या पुस्तकांत तो आजही सांगितला जातो. पण त्या निकालात पक्षकार दोनच, ज्याला सुचलं तो आणि ज्याने विकलं तो. ज्याने घासलं त्याचा तिथे विचारही नाही. जॉर्ज बासचं नाव इतिहासात उरलं तेही या भांडणात साक्षीपुराव्याच्या ओघात आलं म्हणून.

नातीगोतीही या धंद्यात अशीच गुंतलेली. यॉर्कशरचा जेसी रॅम्सडेन लंडनला येऊन यंत्रं करायला शिकला आणि त्याने डॉलंडची मुलगी सारा हिच्याशी लग्न केलं. तिच्याबरोबर पेटंटातला वाटाही त्याच्याकडे आला. रॅम्सडेनचं खरं मोठेपण पुढचं. पितळेच्या चकतीवर अंशांच्या रेघा हाताने पाडायला कसबी माणसाचे आठवडे जात. ते काम भराभर आणि अचूक करणारं यंत्र त्याने बनवलं. बोर्ड ऑफ लाँगिट्यूडने त्याला १७७७ मध्ये ६१५ पौंड दिले, पण अट घातली की हे यंत्र इतर कारागिरांनाही शिकवायचं. मेव्हणा कोर्टात पेटंट राखत बसला होता, आणि हा पैसे घेऊन विद्या वाटत होता. त्याच्या कारखान्यात पन्नासहून अधिक माणसं काम करीत. दुर्बिणीवर नाव मात्र एकच, ‘रॅम्सडेन, लंडन’.

आता वस्तूकडे येते. अशी दुर्बीण उघडली की तिच्यात किती जणांचे हात आहेत ते एकेक करून दिसू लागतं. पितळेची नळी म्हणजे पत्रा दांड्यावर वळवून, कडा जुळवून, डाग देऊन केलेली. आतून बोट फिरवलं की तो उभा सांधा लागतो. बाहेरून घासून असा बेमालूम केलेला असतो की डोळ्याला सहसा सापडत नाही. नळ्या एकात एक सरकणाऱ्या, तीन किंवा चार. प्रत्येकीच्या तोंडाशी आतून एक पितळी कडं, त्याला चीर मारून किंचित दाब दिलेला, म्हणजे नळी सरकते पण ओघळत नाही. दोनशे वर्षांनंतरही हा दाब टिकलेला मी हाताने अनुभवलेला आहे. सांध्याचे आटे इतके बारीक की आजचा कुठलाही ठरावीक आटा त्यात बसत नाही. ते लेथवर हाताने पाडलेले, त्या कड्याचे त्याच नळीला. म्हणून कारागिरांनी आतल्या बाजूला खुणा केलेल्या असतात. एका नळीच्या काठावर दोन आडव्या रेघा, तिच्या कड्यावरही दोन. दुसरीवर तीन. खोलल्यावर भिंगाच्या कडेला कधीकधी पेन्सिलची पुसट व्ही-खूण दिसते, दोन्ही भिंगांवर मिळून ओढलेली. ती जुळवूनच भिंगं परत बसवायची, नाहीतर चित्र मऊ पडतं. खूण करणाऱ्याला आपल्यानंतर कुणीतरी हे उघडणार याची खात्री होती. दुर्बिणीत कामगाराची सही असलीच, तर ती एवढीच.

डोळ्याकडच्या छोट्या नळीत आणखी चार भिंगं असतात. पुढचं भिंग चित्र उलटं पाडतं, ही चार मिळून ते सुलटं करतात. त्याची किंमत मोजावी लागते. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. चिकटवलेलं जोडभिंग आणि ही चार धरली की दहा पृष्ठभाग होतात आणि जवळजवळ एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो. दिवसा चालतं. रात्री गस्त घालणाऱ्या खलाशाला मात्र उजेडाचा कणन्‌कण हवा असतो. म्हणून ‘नाइट ग्लास’ नावाची वेगळी दुर्बीण मिळायची. तिच्यात भिंगं कमी, उजेड जास्त, आणि दिसणारं जहाज डोलकाठ्या खाली करून तरंगणारं. खलाशी ते डोक्यात सुलटं करून घ्यायला शिकत.

सगळ्यात अवघड मात्र फ्लिंट काच. तापलेल्या मडक्यात शिसं जड म्हणून खाली बसतं आणि काचेत पाकाच्या तारांसारख्या रेघा राहतात. चांगला तुकडा मिळणं नशिबाचा भाग. त्यात इंग्लंडमध्ये १७४५-४६ पासून काचेवर वजनाने कर बसला. जड काचेला जास्त कर, आणि भट्टीवर अबकारी अंमलदारांची नजर. प्रयोग करायची सोय राहिली नाही. हा कर उठला थेट १८४५ मध्ये. मधल्या काळात रॉयल सोसायटीने चांगल्या काचेसाठी समिती नेमली. त्यात जॉन हर्शेल, पीटरचा भाचा जॉर्ज डॉलंड आणि प्रत्यक्ष भट्टीपाशी उभा राहणारा मायकेल फॅरडे. पण कोडं सोडवलं होतं ते स्वित्झर्लंडच्या एका अल्पशिक्षित कारागिराने. पियरे लुई गिनाँने वितळलेली काच मातीच्या दांड्याने ढवळायची युक्ती काढली. सांगायला सोपी वाटते, पण ती नीट साधायला त्याची कित्येक वर्षं गेली. पुढे बव्हेरियात त्याच काचेवर फ्राउनहोफरने जगातली उत्तम भिंगं केली, आणि दर्जेदार भिंगांची मक्तेदारी लंडनच्या हातून निसटली.

मालकांबद्दल थोडं. आरमारातले अधिकारी दुर्बीण बहुधा स्वतःच्या खर्चाने घेत, म्हणून तिच्यावर मालकाचंही नाव कोरलेलं सापडतं. सर्वांत गाजलेला मालक नेल्सन. कोपनहेगनच्या लढाईत, २ एप्रिल १८०१ ला, माघारीचा इशारा झाला तेव्हा त्याने दुर्बीण आपल्या अधू डोळ्याला लावली आणि ‘मला इशारा दिसत नाही’ म्हटलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दुर्बीण न बघण्यासाठी वापरल्याचं हे एकच उदाहरण अजरामर झालं. मला त्यापेक्षा दुसऱ्या प्रकारचे मालक जास्त भावतात. एकोणिसाव्या शतकात परदेशी जहाजाच्या कप्तानाने बुडत्या इंग्रज खलाशांना वाचवलं, तर ब्रिटिश सरकार त्याला दुर्बीण भेट देई. तिच्यावर कप्तानाचं नाव, त्याच्या जहाजाचं नाव आणि माणुसकीबद्दलचे आभार कोरलेले असत. अशी दुर्बीण जुन्या वस्तूंच्या बाजारात अजूनही निघते. तिच्यावरचं नाव मात्र कमावलेलं असतं.

आपल्या मुलखातही या नळ्या आल्या त्या फौजांबरोबर. २३ सप्टेंबर १८०३ ला असईजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्ली उभा होता. मध्ये केळणा नदी. वाटाडे सांगत होते की जवळपास उतार नाही. त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरूड ही गावं दिसली, आणि त्याने ताडलं की इतकी जवळची गावं येण्याजाण्याच्या वाटेशिवाय वसणार नाहीत. उतार तिथेच निघाला. सेनापतीच्या हातातल्या दुर्बिणीने फार तर गावं दाखवली असतील. पाण्याखालचा उतार कुठल्याच भिंगातून दिसत नाही, तो तर्काने काढावा लागला. जालना जिल्ह्यातल्या त्या काठावर उभं राहिलं की हे आजही पटतं.

लढाईनंतर मोजणी. विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं काम सुरू केलं. त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लंडनच्या विल्यम कॅरीने बनवलेला, वजन सुमारे अर्धा टन. तो घेऊन येणारं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं, आणि वस्तू काय आहे ते कळल्यावर ती मोठ्या मनाने पुढे पाठवून दिली. सरफोजीराजांच्या तंजावरात, १८०८ मध्ये, देवळावर चढवताना दोर तुटून तो भिंतीवर आपटला आणि अंशांची चकती वाकली. लँबटन तंबूत बसला आणि पाचरा, स्क्रू, दोऱ्या लावून त्याने ती आठवडेच्या आठवडे खपून पूर्ववत केली. दुरुस्तीचं काम करणाऱ्या माझ्यासारखीला पुढे याच सर्वेक्षणाने मोजलेल्या हिमालयाच्या उंचीपेक्षा हे आठवडे मोठे वाटतात. लँबटन पुढे नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

पण हिंदुस्थानच्या उन्हा-पावसात ही यंत्रं चालू ठेवली कुणी? कलकत्त्याच्या गणिती उपकरणांच्या कार्यालयात, लँबटननंतर सर्वेक्षणाची सूत्रं हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने इंग्लंडहून हेन्री बॅरो नावाचा कारागीर आणवला होता. त्याच कार्यालयात त्याच्याआधीपासून होते अर्काटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन. मूळचे नाजूक कारागिरीतले, यंत्रं बघून बघून तयार झालेले. सर्व्हेअर जनरल ब्लॅकरने त्यांना १८२४ मध्ये मद्रासहून कलकत्त्याला नेलं. बॅरो गेल्यावर त्यांनी काम सांभाळलं आणि एव्हरेस्टने त्यांच्या हाताला मोकळेपणाने दाद दिली. पुढे १८४० च्या दशकात त्या खात्याचे अधिकृत यंत्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. मोहसीन हुसेनांचं नाव सर्वेक्षणाच्या जुन्या इतिहासग्रंथांत शोधावं लागतं.

माझ्या दुकानात येणाऱ्या खऱ्या जुन्या दुर्बिणींतल्या बहुतेक लष्करी असतात, आणि त्यांच्याही मागे अशीच एक साखळी आहे. हेन्री मान्सने १८६९ मध्ये कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, आरशाने ऊन परावर्तित करून संदेश पाठवायचं हेलिओग्राफ यंत्र काढलं. कितीतरी मैलांवरची ती लुकलुक वाचायला दुर्बीण लागे. म्हणून पितळी नळीवर ‘टेल. सिग.’ अशी अक्षरं आणि सरकारी बाणाची खूण असलेल्या दुर्बिणी निघाल्या. पहिल्या महायुद्धात टेहळणीसाठी ‘टेल. स्काउट. रेजिमेंट’ छापाच्या दुर्बिणी रॉस, बेक, ब्रॉडहर्स्ट क्लार्कसन अशा कंपन्यांनी काढल्या. नळीवर कातडं, दोन्ही तोंडांना कातडी टोप्या आणि पट्टा. लढाया संपल्यावर लष्कराने भंगारात आणि लिलावात काढलेला असला माल छावणीच्या गावांत जुन्या बाजारांपर्यंत पोचतो. या दुर्बिणींत नाव कंपनीचं, नंबर सरकारचा. वापरणाऱ्याचं काहीच नाही. कधी कातड्यावर आतून कुणीतरी सुईने स्वतःचा बिल्ला नंबर टोचलेला असतो, तेवढाच.

आणि उरलेल्या, म्हणजे नकली? उरलेल्यांवर नाव ‘डॉलंड’च, पण वय दहा-पंधरा वर्षं. नकला काही आजच्या नाहीत. डॉलंडचं नाव चालतं म्हटल्यावर त्याच काळात इतरांनी तेच नाव, कधी ‘डोलांड’ असं एखादं अक्षर बदलून, नळ्यांवर कोरलं. कोर्टात शोधाचा मालक ठरला, पण नावाची चोरी कुणाला थांबवता आली नाही. खऱ्या कंपनीने पुढे चष्म्यांवर लक्ष दिलं, १९२७ मध्ये एचिसनशी जोडणी झाली आणि २००९ मध्ये ती एका मोठ्या चष्मा-साखळीत विलीन झाली. दुकानांच्या पाट्यांवरून नाव उतरलं तरी बाजारातल्या नळ्यांवर ते अजून रोज कोरलं जातंय.

यातल्या बऱ्याच नळ्या येतात उत्तराखंडातल्या रुरकीहून. हे शहर मुळातच यंत्रांचं. गंगेच्या कालव्यासाठी १८४७ मध्ये तिथे अभियांत्रिकी कॉलेज निघालं, कालव्याचे कारखाने निघाले, आणि मोजणीची, आरेखनाची उपकरणं करणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. बाबांच्या दुकानात रुरकीचे लेव्हल आणि कंपास दुरुस्तीला यायचे. साधे, पण इमानदार. पुढे संगणक आणि इलेक्ट्रॉनिक मोजणी आली, कॉलेजांनी जुनी उपकरणं घेणं बंद केलं. तेव्हा त्यातल्या कित्येक लेथांवर सेक्स्टंट, होकायंत्रं आणि ‘पुरातन’ दुर्बिणी वळायला लागल्या. निर्यातदाराला हवं असतं ते दिसणं. म्हणून नळी झकास, पण आत एकेरी भिंग, मग चंद्राला निळी किनार, म्हणजे हेवेलियसच्याही मागे गेलेलं काम. आणि पितळ रसायनाने काळं करून वर ‘लंडन’.

गिऱ्हाईक फसलं म्हणून चिडतं, ते रास्तच आहे. पण त्या नळीच्या आत मी बघते तेव्हा आटे सफाईचे असतात, सरकण्याचा दाब बरोबर असतो. कारागिराला काम येतं. त्याला भिंगाचे पैसे कुणी देत नाही आणि नाव दुसऱ्याचं कोरायचे पैसे मात्र मिळतात, हा खरा घोटाळा आहे. बासच्या वेळीही कसब एकाचं आणि नाव दुसऱ्याचं होतं, मोहसीन हुसेनांच्या वेळीही जवळपास तेच. फरक इतकाच की त्या वेळी निदान आत काच खरी होती.

म्हणून मी दुर्बीण विकत घ्यायला निघालेल्याला दोन गोष्टी सांगते. जुनी मिळाली तर ब्रासो लावून घासू नका. लाखेचं मूळ वॉर्निश आणि कोरीव अक्षरं त्याने झिजतात. आणि नवी घ्यायचीच असेल तर दुकानदाराला दोन भिंगांची आहे का, एवढं विचारा. असं विचारणारे वाढले तर हा प्रश्न रुरकीपर्यंत पोचेल. तिथल्या एखाद्या लेथवाल्याने क्राउन-फ्लिंटचं जोडभिंग बसवलेली नळी केली आणि तिच्यावर लंडनऐवजी स्वतःचं नाव, ‘रुरकी’ आणि साल कोरलं, तर ती मी पूर्ण किंमत मोजून घेईन आणि दुकानाच्या दर्शनी कपाटात ठेवीन. तशी पहिली वस्तू अजून माझ्याकडे आलेली नाही. बनवायला लागणारं सगळं मात्र त्या गावात आहे.